पोर्तुगालची खाद्यसंस्कृती

युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या पोर्तुगाल देशाची पारंपरिक खाद्यपद्धती. मादेइरा आणि अझोर्स या अटलांटिकमधल्या द्वीपसमूहांचाही तिच्यात समावेश होतो. भूमध्य समुद्राला पोर्तुगालचा किनारा कुठेच लागत नाही. तरीही युनेस्कोने २०१३ मध्ये भूमध्यसागरी आहारपरंपरेच्या यादीत या देशाला घेतले, कारण ऑलिव्ह तेल, पाव, द्राक्षे, कडधान्ये, भाज्या आणि मासे हीच इथल्या रोजच्या जेवणाची घडी आहे. बहुतेक रांधणाची सुरुवात ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण परतण्याने होते. या क्रियेला ‘रेफोगादु’ म्हणतात.

या स्वयंपाकाला दोन सवयींनी घडवले. उरलेले वाया जाऊ द्यायचे नाही ही एक, आणि लांबून आलेले आपलेसे करायचे ही दुसरी. देशाचा लाडका मासा देशाच्या समुद्रात सापडत नाही, सर्वांत प्रसिद्ध मिठाई अंड्यांच्या बलकांवर उभी आहे आणि दक्षिणेतले नावाजलेले जेवण शिळ्या पावाचे असते. गंमत अशी की १४९८ मध्ये मिरीच्या वासाने कालिकतपर्यंत आलेल्या या लोकांच्या जेवणात मसाला बेताचाच असतो. तमालपत्र, लाल मिरचीची सौम्य पूड आणि मिरी एवढ्यावर काम भागते. दालचिनीची खरी जागा गोडात.

बाकाल्याव

खारवून वाळवलेला कॉड मासा म्हणजे बाकाल्याव. कॉड थंड उत्तरेकडच्या पाण्यातला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजे त्यासाठी न्यूफाउंडलंडपर्यंत जात. कॅथलिक पंचांगात मांस वर्ज्य असलेले दिवस पुष्कळ, आणि किनाऱ्यापासून दूर डोंगरातल्या गावी ताजी मासळी पोचायची नाही. तिथे महिनोन्‌महिने टिकणारा हा मासा पोचला आणि ‘फियेल आमीगु’, म्हणजे विश्वासू मित्र, या नावाने राहिला.

हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने १९३४ पासून कॉडच्या मासेमारीला सरकारी मोहिमेचे रूप दिले. मोठ्या जहाजावरून लहान सपाट होड्या पाण्यात उतरवायच्या, एका होडीत एकच माणूस, हातात गळाची दोरी आणि भोवती धुके. ही पद्धत १९७४ पर्यंत चालली. सरकारी प्रचारात या माणसांचा मोठा गौरव होई. त्यांच्या हलाखीचा उल्लेख मात्र कमी. आव्हेइरु शहराजवळच्या इल्यावु गावातल्या सागरी संग्रहालयात या मासेमारीचा इतिहास मांडला आहे आणि तिथे जिवंत कॉडचे मत्स्यालयही आहे. बहुतेक पोर्तुगीजांनी जन्मभर खाल्लेला मासा पोहताना पाहिलेला नसतो, त्यामुळे तिथे मुलांइतकेच मोठेही काचेला नाक लावून उभे राहतात. आज बाजारात येणारा कॉड मुख्यतः नॉर्वे आणि आइसलँडचा असतो.

रांधण्यापूर्वी तो एक ते दोन दिवस पाण्यात भिजवतात आणि मधूनमधून पाणी बदलतात. प्रकार वर्षाच्या दिवसांइतके आहेत असे लोक अभिमानाने सांगतात. प्रवाशाला चार-पाच ठाऊक असले तरी पुरे. ‘आ ब्राश’ हा लिस्बनचा प्रकार: माशाचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे आणि जेमतेम आवळलेले अंडे. ‘आ गोम्श द सा’ पोर्तो शहराचा: बटाटा, कांदा, उकडलेले अंडे आणि काळी ऑलिव्ह. माशाच्या लांबट तळलेल्या वड्यांना लिस्बनमध्ये ‘पास्तेइश’ म्हणतात, उत्तरेत ‘बोलीन्युश’, आणि दोन्हीकडचे लोक आपलेच नाव बरोबर मानतात. नाताळच्या आदल्या रात्रीच्या कौटुंबिक जेवणात, म्हणजे ‘कोन्सुआदा’त, बहुतेक घरी नुसता उकडलेला कॉड, बटाटे आणि कोबीची पाने असतात, वरून ऑलिव्ह तेलाची धार. सणाचे जेवण इतके साधे कसे, असे पाहुण्याला वाटते. पण कॉडची चव खरी तिथेच कळते.

लिस्बनच्या आर्सेनाल रस्त्यावरच्या दुकानांत हे मासे फळ्यांसारखे रचून ठेवलेले दिसतात. बोंबील-सुकटीच्या वासात वाढलेल्या कोकणी माणसाला तिथे परके वाटत नाही.

सार्डिन आणि जून महिना

ताज्या माशांत मान सार्डिनचा, म्हणजे तारलीच्या कुळातल्या माशाचा. महिन्याच्या नावात ‘र’ नसेल तेव्हाच सार्डिन खावी असे म्हणतात. पोर्तुगीज नावांनुसार हे महिने मे ते ऑगस्ट, आणि त्याच काळात तिच्या अंगावर चरबी चढते. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अंतोनीचा आणि २३ जूनच्या रात्री पोर्तोमध्ये संत जुआंवचा उत्सव असतो. गल्लीगल्लीत कोळशावर सार्डिन भाजतात आणि पावाच्या कापावर ठेवून हाताने खातात. चरबी पावात मुरते. शेवटी तो पाव खायचा, तीच खरी मेजवानी. या दिवसांत ‘मांझेरीकु’ नावाच्या बारीक पानांच्या तुळशीची कुंडी, कागदी फूल आणि दोन-चार ओळींची कविता लावून, प्रिय व्यक्तीला देतात. रोपाला थेट नाक लावायचे नाही. पानांवरून हात फिरवून हाताचा वास घ्यायचा, असा संकेत आहे.

पाव, भात, कोथिंबीर

उत्तरेच्या मीन्यु प्रांतात मक्याचा जड, दाट पाव (‘ब्रोआ’) आणि ‘काल्दु व्हेर्द’ ही जोडी. काल्दु व्हेर्द म्हणजे घोटलेल्या बटाट्याच्या सुपात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी कोबीपाने. दक्षिणेचा आलेंतेझु हा गव्हाचा, बुचाच्या ओकांचा आणि दीर्घकाळ गरिबीचा प्रदेश. तिथला जाड कवचाचा आंबूस पाव आठवडाभर चालतो, आणि शिळा झाल्यावर त्याची दुसरी कारकीर्द सुरू होते. ‘असोर्दा’साठी लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात वाटतात, त्यावर ऑलिव्ह तेल आणि उकळते पाणी ओततात, पावाचे तुकडे टाकतात आणि वर अलगद शिजवलेले अंडे ठेवतात. एवढेच. बाकी युरोपात कोथिंबीर क्वचित भेटते, इथे मात्र जुडीने लागते. उत्तरेत तिची जागा पार्सली घेते.

युरोपात भात सर्वाधिक खाणाऱ्यांत पोर्तुगीजांची गणना होते. मोंदेगु, तेझु आणि सादु नद्यांच्या खोऱ्यांत ‘कारोलीनु’ हा जाडसर दाण्याचा तांदूळ पिकतो. टोमॅटोचा, घेवड्याचा, बदकाचा, कोळंबी-शिंपल्यांचा असे भाताचे कितीतरी प्रकार आहेत. त्यातला आसट, वाटीत वाहता राहणारा भात ‘मलांद्रीन्यु’, म्हणजे खट्याळ, म्हणून ओळखला जातो. सुटसुटीत भाताची अपेक्षा ठेवून गेलेल्याने हे नाव लक्षात ठेवावे. ‘आरोझ दोस’ ही दूध-तांदळाची घट्ट खीर. तिच्यावर चिमटीने दालचिनीच्या पुडीची नक्षी काढतात, थेट रांगोळीसारखी.

मांसाहारात उत्तरेचा पगडा. पोर्तोच्या रहिवाशांना ‘त्रिपेइरुश’, म्हणजे आतडी खाणारे, म्हणतात. उत्तर आफ्रिकेतल्या सेउता शहरावरच्या १४१५ च्या स्वारीसाठी शहराने सगळे चांगले मांस जहाजांना दिले आणि स्वतःकडे आतडी ठेवली, अशी आख्यायिका आहे. घेवड्याबरोबर शिजवलेल्या आतड्यांचा पदार्थ पोर्तोत अजून मानाचा आहे. ‘आल्येइरा’ या सॉसेजची कथा अधिक बोचरी. १४९७ मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले. डुकराचे सॉसेज घरात टांगलेले नसले की संशय येई, म्हणून कोंबडी आणि पाव भरून तसेच दिसणारे सॉसेज करू लागले, असे परंपरा सांगते. आज दुकानात मिळणाऱ्या आल्येइरात मात्र बरेचदा डुकराचे मांस असते.

मठातली मिठाई

पोर्तुगीज गोडाचा रंग पिवळा. मठांत अंड्यांचा पांढरा भाग वस्त्रांना खळ देण्यासाठी आणि वाइन नितळ करण्यासाठी वापरला जाई आणि बलक उरत, असे सांगतात. मादेइरा आणि पुढे ब्राझीलमधल्या उसाच्या मळ्यांमुळे साखर हाताशी होती. ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत, हेही या गोडव्याच्या हिशेबात धरायला हवे. बलक, साखर आणि बदाम या तिघांतून धर्मभगिनींनी शेकडो प्रकार काढले. नावेही खट्याळ: ‘धर्मभगिनीचे पोट’, ‘स्वर्गातली डुकराची चरबी’.

कसब सगळे पाकात. पाकाच्या पायऱ्यांना ‘पोंतु’ म्हणतात. धाग्याचा पोंतु म्हणजे आपला तारेचा पाक. मोत्याचा पोंतु असतो, आणि ‘रस्त्याचा’ही: चमचा भांड्याच्या तळावरून ओढला की क्षणभर वाट मोकळी दिसली पाहिजे. आव्हेइरुचे ‘ओव्हुश मोलश’, म्हणजे बलक-साखरेचा मऊ लगदा शिंपल्याच्या आकाराच्या पातळ वेष्टनात, हे या कसबाचे उत्तम उदाहरण. उकळत्या पाकात बलकाची बारीक धार सोडून केलेल्या ‘अंड्याच्या शेवया’ पोर्तुगीजांबरोबर थायलंड आणि जपानपर्यंत गेल्या व तिथल्याच होऊन बसल्या.

१८३४ मध्ये सरकारने पुरुषांचे धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठांतल्या पाककृती बाजारात आल्या. लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठाजवळ १८३७ पासून विकला जाणारा ‘पास्तेल द बेलें’ त्यातलाच. इतरत्र याच धर्तीच्या पदार्थाला ‘पास्तेल द नाता’ म्हणतात. कुरकुरीत पदरांच्या वाटीत बलक-दुधाचे सारण, वर भट्टीने पडलेले काळे डाग. कोमट असताना, दालचिनी भुरभुरून खावा. डाग करपल्याचे समजून परत करणारे प्रवासी अधूनमधून भेटतात.

गोव्याशी देवघेव

१५१० ते १९६१ गोवा पोर्तुगीजांकडे होता, आणि त्यांच्या जहाजांतून आलेली पिके व शब्द महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातही शिरले. त्यामुळे मराठी माणसाला पोर्तुगीज मेनूकार्डावर ओळखीचे चेहरे भेटतात: बटाटा, काजू, अननस, पपई आणि ‘कोव्ह’ म्हणजे कोबी. पाव हा शब्दही तिथलाच, पण उच्चार नाकातून करावा. अनुनासिक सुटले तर त्याचा अर्थ काठी होतो.

विंदालूचे मूळ ‘व्हीन्या दाल्युश’, म्हणजे वाइन किंवा शिर्का आणि लसूण यांत मांस मुरवण्याची रीत. गोव्यात शिर्का माडीचा झाला आणि मिरची-मसाला आला. नावातल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, हे बाहेरच्या कित्येक हॉटेलांना आजही ठाऊक नसते. मूळ पदार्थ मादेइरात नाताळला अजून शिजतो आणि तो मुळीच तिखट नसतो. गोव्याच्या बेबिंकमध्ये मठातल्या बलकांना नारळाचे दूध भेटले.

उलट वाटेने गेला तो समोसा. ‘शमूसा’ या नावाने तो पोर्तुगालच्या कॅफेंमध्ये काचेच्या कपाटात इतर तळणाशेजारी बसलेला असतो. आत बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते. ओळखीचा त्रिकोण पाहून शाकाहारी माणसाने हात घालू नये.

जेवायला बसताना

दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते तीन, रात्रीचे आठच्या आसपास सुरू. ‘ताश्का’ म्हणजे घरगुती चवीची छोटी खाणावळ, ‘मारिश्केइरा’ शिंपले-कोळंबीची, ‘पाश्तेलारिया’ गोडाची आणि कॉफीची. ताश्कात दुपारी ‘प्रातु दु दिआ’, म्हणजे आजचे ताट, मागणे पोटाला आणि खिशाला दोन्हींना बरे. ‘दोझ’ म्हणजे पूर्ण वाढप, बरेचदा दोघांना पुरणारे. एकट्याने ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धे, मागावे. ताजा मासा किलोच्या भावाने लिहिलेला असतो, तेव्हा आधी वजन विचारावे.

न मागता टेबलावर येणारा पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज हा ‘कुव्हेर’. तो फुकट नसतो. नको असेल तर परत न्यायला सांगावे. त्यात कुणाला राग येत नाही.

शाकाहाऱ्याची वाट सोपी नाही, पण बंदही नाही. ‘मांस नको’ म्हटले की मासा येऊ शकतो, म्हणून ‘सें कार्न, सें पेइश’ (मांस नको, मासा नको) असे पुरते सांगावे. काल्दु व्हेर्दमध्ये ‘शोरिसु’ सॉसेजची चकती तरंगत असते. भाजीच्या सुपाचे पाणीही कधी मांसाचे असते. ‘पेइशीन्युश दा ओर्ता’, म्हणजे मळ्यातले छोटे मासे, हे नाव ऐकून मात्र घाबरू नये. ती फरसबीची भजी. जपानी तेंपुराचा उगम त्याच कुळात शोधतात. सेरा दा इश्त्रेलाचे मेंढीच्या दुधाचे मऊ चीज प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या रेनेट या विरजणाऐवजी एका काटेरी रानफुलाच्या तंतूंनी विरजतात. वरची चकती कापून आतला भाग चमच्याने पावावर घ्यायचा. २०१७ च्या कायद्याने शाळा, रुग्णालये यांसारख्या सार्वजनिक उपाहारगृहांत वनस्पतिजन्य जेवणाचा पर्याय सक्तीचा झाला आहे. मोठ्या शहरांत आता स्वतंत्र शाकाहारी हॉटेलेही आहेत.

जेवण कॉफीशिवाय संपत नाही. छोट्या कपातल्या कडक कॉफीला लिस्बनमध्ये ‘बिका’ म्हणतात. पोर्तोत जुनी माणसे ‘सिंबालीनु’ म्हणतात, एका इटालियन कॉफीयंत्राच्या नावावरून. भरपूर दुधाची, काचेच्या उंच पेल्यातली ‘गालांव’ सकाळची किंवा चार वाजताची. चहाचे नाव ‘शा’. अझोर्सच्या सांव मिगेल बेटावर तो एकोणिसाव्या शतकापासून पिकतो. काउंटरशी उभे राहून घेतलेला कप बाहेरच्या टेबलापेक्षा बरेचदा स्वस्त पडतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे फुटबॉलवरचे मत त्याबरोबर आपोआप मिळते.