पोटावरचा पट्टा आणि बाबांची मांडी

दिवाळीत वहिनींनी पोटाला बांधायचा इलेक्ट्रिक पट्टा मागवला. टीव्ही बघता बघता पोट सपाट, अशी जाहिरात होती. "भाऊजी, खरंच होतं का हो असं?" त्यांनी विचारलं, म्हणून आधी मीच तो बांधून बघितला. गार जेल, मग मुंग्या, आणि करंट वाढवल्यावर माझं काहीही न करता पोट आपोआप आवळलं जाऊन लाकडासारखं टणक झालं.

म्हणजे पट्टा काहीच करत नाही, असं नाही. आपला मेंदूही स्नायूंना हुकूम देतो तो चेतातंतूंमधल्या विजेच्या इशाऱ्यांनीच. मेलेल्या बेडकाचा पाय विजेने झटका देतो, हे इटलीतल्या गॅल्व्हानीने 1791 साली प्रसिद्ध केलं होतं. पट्टा तेच करतो: कातडीखालच्या चेतातंतूंना बाहेरून चेतवतो. हुकूम कुठून आला, हे स्नायूला कळत नाही.

फरक पडतो तो हुकमाच्या पद्धतीत. आपण स्वतः जोर लावतो तेव्हा मेंदू आधी स्नायूतल्या लहान, लवकर न थकणाऱ्या तंतूंना कामाला लावतो, भार वाढला की मोठ्यांना बोलावतो, आणि आळीपाळीने विश्रांतीही देतो. पट्ट्याला पाळी माहीत नाही. पॅडखाली जे सापडतील तेच तंतू तो पुन्हा पुन्हा, एकदम ओढतो. ते लवकर थकतात आणि खोलवरचे तसेच राहतात. त्यात चरबीचा थर जाड असेल तर करंट स्नायूपर्यंत आणखी कमी पोचतो. वाढवावा, तर कातडी चुरचुरते. ज्याला ढेरीची सर्वांत जास्त काळजी, त्यालाच पट्टा सर्वांत कमी लागू पडतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये असा पट्टा लोकांना आठ आठवडे वापरायला दिला. पोटाची ताकद वाढली, कंबरही थोडी आवळली. वजन आणि चरबी मात्र होती तेवढीच राहिली. त्यात नवल नाही. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात आणि मूठभर स्नायू आवळून त्यातल्या फारच थोड्या खर्च होतात. पट्टे विकणाऱ्या काही कंपन्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2002 मध्ये खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती, ती याच कारणाने.

पण हेच तंत्र मी आमच्याच घरात चमत्कारासारखं काम करताना पाहिलं आहे. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सूज आणि वेदना असली की मांडीच्या स्नायूकडे जाणारे इशारे मज्जारज्जूतच अडवले जातात. बाबा दात आवळून प्रयत्न करायचे, टाच गादीवरून हलायची नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मांडीवर दोन पॅड लावले. "काका, मशीन ओढेल तेव्हा तुम्हीही ओढायचं." गुडघ्याची वाटी सरकन वर गेली. बाबा मांडीकडे बघतच राहिले. काही दिवसांनी त्यांनी मशीनशिवाय टाच उचलली. पक्षाघातानंतर पाऊल लोंबकळतं, अशा काही रुग्णांमध्येही प्रत्येक पावलाला नेमका झटका देऊन ते उचलून धरता येतं. जिथे हुकूमच पोचत नाही, तिथे ही वीज मोलाची आहे.

पेसमेकर असेल, गर्भारपण असेल, फिट्स येत असतील, तर पट्ट्याच्या वाटेला जाऊ नये. छातीवर किंवा गळ्यावर पॅड कधीच लावू नयेत. सगळं अंग आवळणारे करंटचे सूट हल्ली जिममध्ये दिसतात. पहिल्याच दिवशी जोरात लावले तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडांवर येतात. लघवी चहासारखी काळसर झाली, तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

वहिनींना म्हटलं, पट्टा ठेवायचा तर ठेवा, पण करंट आला की स्वतःही पोट आवळा. चरबीसाठी मात्र संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चला. बाबा आता तिथे तीन फेऱ्या मारतात.