मोठ्या रस्त्याच्या कामात आपलं म्हणणं नोंदवायचंय? हरकत-सूचनेची प्रोसेस, कोण अर्ज करू शकतं आणि काय कागद लागतात

रस्त्याच्या कडेला मोजणीवाले टेप धरून उभे दिसले, भिंतींवर लाल रंगाच्या खुणा पडल्या की मग सोसायटीच्या ग्रुपवर धावपळ सुरू होते, की काय होणार, कुणाला भेटायचं, नगरसेवकाला फोन करा वगैरे. खरं तर तोपर्यंत बऱ्याचदा बोलायची कायदेशीर मुदत निघून गेलेली असते, कारण ती नोटीस पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात येऊन गेलेली असते. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. हे महाराष्ट्रातल्या महापालिकांसाठी आहे, मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे त्यामुळे तिथे खाली दिलेलं कलम २१० लागू होत नाही, पण नगररचनेचा कायदा सगळीकडे तोच.

सगळ्यात आधी हे शोधा की रस्ता नक्की कुणाचा. शहरातून जातो म्हणून महापालिकेचाच असेल असं नाही, तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, रस्ते विकास महामंडळाचा किंवा राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा पण असू शकतो, आणि चुकीच्या ऑफिसला दिलेलं पत्र तिथेच पडून राहतं. क्षेत्रीय कार्यालयातल्या ज्युनियर इंजिनियरला विचारलं तर तो सांगतो.

मग दुसरा प्रश्न, काम कुठल्या प्रकारचं आहे. इथेच लोक गडबड करतात. रस्ता रुंद होणार आहे की आहे त्याच रुंदीत फुटपाथ, सायकल ट्रॅक, पार्किंग, दुभाजक असं रीडिझाइन होणार आहे, यावर तुमचा दरवाजा ठरतो.

रुंदी विकास आराखड्यातून, म्हणजे डीपीमधून येत असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ लागू होतो. पूर्ण नवा डीपी येतो तेव्हा कलम २६ खाली प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध होतं, नकाशे बघायला ठेवतात, विकत पण मिळतात, आणि हरकती मागवतात. त्या ऐकायला नियोजन समिती असते, स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ. हे वीसेक वर्षांतून एकदा होतं. त्यामुळे जास्त वेळा गाठ पडते ती कलम ३७ शी, म्हणजे मंजूर डीपीत छोटा फेरबदल, एखाद्या रस्त्याची आखणी सरकवणं किंवा रुंदी बदलणं. यात राजपत्रात नोटीस येते, हरकतीला नोटिशीच्या तारखेपासून १ महिना मिळतो, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना वेगळी नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते, आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो.

रुंदी बदलायचा दुसरा मार्ग म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २१०, याला ऑफिसात प्रमाणरेषा म्हणतात. डीपीला हात न लावता रस्त्याची कड ठरवायची असेल तर हे वापरतात. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता, त्यावरून बराच गदारोळ झाला. यात महापालिकेच्या ज्या सभेत निर्णय होणार तिच्या निदान एक महिना आधी स्थानिक पेपरात आणि राजपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, शिवाय आयुक्तांच्या सहीची नोटीस त्या रस्त्यावरच लावावी लागते. रस्त्यावर लावलेली ही नोटीस कुठल्यातरी विजेच्या खांबावर जाहिरातींच्या गर्दीत असते, तेव्हा डोळे उघडे ठेवून चाला. हरकत लेखी हवी आणि ती सभेच्या दिवसाआधी पूर्ण ३ दिवस मोकळे सोडून नगरसचिव कार्यालयात पोचली पाहिजे, पथ विभागात (रस्त्यांच्या खात्यात) नाही, नगरसचिव, म्हणजे सभेचं कामकाज बघणारं ऑफिस. हे मुद्दाम दोनदा सांगतोय कारण माझी स्वतःची एक हरकत अशीच चुकीच्या टेबलावर राहिली, पोच होती, शिक्का होता, पण ज्या सभेसमोर जायला हवी होती तिथे गेलीच नाही. आणि प्रमाणरेषा ठरली म्हणजे दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो असं नाही, साधारणपणे पुढे बांधकाम पाडून नव्याने करताना मागे सरकावं लागतं, पण आयुक्त स्थायी समितीच्या मंजुरीने आधीही नोटीस काढू शकतात, त्यामुळे निवांत बसू नका.

आता अर्ज कोण करू शकतं. कलम ३७ मध्ये शब्द आहे 'कोणतीही व्यक्ती'. म्हणजे जागेचा मालक असायलाच हवं, मतदार यादीत त्या वॉर्डात नाव हवं, असं काही नाही. भाडेकरू, दुकानदार, रोज त्या रस्त्याने शाळेत मूल सोडणारी आई, बसने जाणारा माणूस, सगळे. काउंटरवरचा कुणी 'तुमची मिळकत बाधित आहे का' असं विचारून परत पाठवायला लागला तर शांतपणे म्हणा की हरकत सगळ्यांना घेता येते, वेगळी नोटीस आणि सुनावणीचा हक्क बाधितांचा.

कागदांची सक्तीची यादी कायद्यात नाही, साधं सहीचं पत्र पुरतं. तरी वजन पडावं म्हणून नोटिशीची झेरॉक्स, नोटीस क्रमांक आणि तारीख पत्राच्या विषयातच लिहा. मिळकत जात असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा, टॅक्स पावती, मंजूर बांधकाम नकाशा आणि मोजणी नकाशा असेल तर तो. भाडेकरू असाल तर भाडेकरार. सोसायटीतर्फे देत असाल तर लेटरहेडवर आणि सोबत ठरावाची प्रत, नाहीतर सेक्रेटरीचं वैयक्तिक मत म्हणून बाजूला पडतं. नगररचना विभागातून त्या भागाच्या डीपीचा भाग नकाशा काढून घ्या, त्यावर पेनाने आपलं म्हणणं दाखवा. आधारची झेरॉक्स मागितलीच तर पहिले आठ आकडे झाकून द्या.

पत्रात काय लिहायचं हा खरा मुद्दा. 'आमचा तीव्र विरोध आहे' या वाक्याने काही होत नाही, दोनशे सह्या असल्या तरी क्लार्कच्या तक्त्यात ती एक ओळ होते, 'सदर हरकत विरोधाची'. त्यापेक्षा एका रविवारी सकाळी टेप घेऊन तिघे-चौघे जा, दर ५० मीटरवर फुटपाथची चालायला उरलेली रुंदी मोजा, डीपी (इथे विजेचा डबा बरं का, विकास आराखडा नाही, आपल्याकडे दोन्हीला तेच नाव), झाड, टपरी, फीडर पिलर वगळून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या आयआरसी १०३ मध्ये राहत्या भागात किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितलीय, आणि कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. तुमच्याकडे ९० सेंटिमीटर भरली तर तो आकडा, जागा आणि फोटो लिहा, आणि पुढे नक्की काय हवं ते पण लिहा, म्हणजे अमुक चौकात क्रॉसिंग, अमुक बस स्टॉपला बाजूला खाच. सूचना नसलेली हरकत फेटाळायला सोपी असते. शेवटी एक ओळ टाकाच: 'मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी'. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. ईमेल केला तरी कागद द्या.

सुनावणीत पाच मिनिटं मिळाली तरी खूप, त्यामुळे एकाने नकाशा धरायचा, एकाने बोलायचं, सगळ्यांनी एकदम बोलू नका. मालक आणि भाडेकरू यांचं भांडण तिथे काढू नका.

आता आहे त्याच रुंदीतलं रीडिझाइन. खरी अडचण ही की फुटपाथ किंवा दुभाजक बदलायला अशी हरकत-सूचनेची सक्ती नाही, पालिकेने बैठक घेतली तर तिची मर्जी. मग काय करायचं, तर बजेट बनायच्या आधी पकडायचं. आयुक्तांचं बजेट साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायीकडे जातं, त्यामुळे दिवाळीच्या आधी पथ विभागाला पत्र गेलेलं बरं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक आहे, पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतात, पण त्यात एका कामाला ५ लाखांची मर्यादा चालत आलीय, म्हणजे मोठा रस्ता त्यातून होणार नाही, त्यावरचं एखादं क्रॉसिंग किंवा दिवे होतील. क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, ती भरलेली बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय.

टेंडर निघायच्या आत डिझाइन हातात यावं म्हणून माहिती अधिकार वापरा. अर्जाला १० रुपये, एकच विषय आणि १५० शब्दांत, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. मागायचं काय, तर रस्त्याचा मंजूर क्रॉस सेक्शन (आडवा छेद), वाहतूक मोजणीचा अहवाल, इस्टिमेट आणि सल्लागाराच्या नेमणुकीचा आदेश, उत्तराला ३० दिवस. त्याच्याही आधी जाऊन फाइल बघायला मागा, सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये ती बघू द्यावी असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे, जाताना त्याची प्रिंट न्या कारण बऱ्याच टेबलांवर तो माहीत नसतो. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

झाडं जात असतील तर ती वेगळी फाइल असते, वृक्ष अधिकाऱ्याकडची, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखालची. नोटीस पेपरात येते आणि झाडावरही लावतात, मुदत फार थोडी असते. झाड ५० वर्षं किंवा त्याहून जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीने ते हेरिटेज झाड ठरतं, ते पत्रात ठळक लिहा. रस्त्याच्या हरकतीत झाडांचं लिहिलं म्हणजे झालं असं धरू नका, तिथे दुसरं पत्र द्या, दुसरी पोच घ्या.