एन-९०० साठी पॅकेज मॅनेजर: एपीटीला काय विचारायचं, डीपीकेजीला काय

नोकियाचा एन-९०० हा २००९ च्या अखेरीस आलेला, खिशात मावणारा लिनक्स संगणक. त्यातली माएमो ५ ही प्रणाली डेबियनच्या घराण्यातली, त्यामुळे पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर शोधून इन्स्टॉल करणारं आणि काढणारं ॲप, लिहायला बसलं की डीपीकेजी (dpkg) आणि एपीटी (APT) या प्रणालीतल्या दोन साधनांची नावं लगेच समोर येतात. दोन्ही पॅकेज इन्स्टॉल करतात असंच सगळीकडे सांगितलेलं असतं. टर्मिनलवर काम करताना हा घोळ खपून जातो. ॲप लिहिताना मात्र तो अंगाशी येतो, कारण दोघांच्या याद्या वेगळ्या, कुलपं (एका वेळी एकानेच काम करावं म्हणून लावलेले लॉक) वेगळी आणि बिघाड कळवायची रीतही वेगळी.

डीपीकेजीला फक्त हातातल्या यंत्राची खबर असते. डेब फाईल, म्हणजे पॅकेजचं गाठोडं, उघडायची, आतल्या फाइली जागच्या जागी ठेवायच्या, पॅकेजसोबत आलेल्या स्क्रिप्ट चालवायच्या आणि नोंद करायची, एवढंच त्याचं काम. लागणारी लायब्ररी नसेल तर तो तक्रार करतो, पण ती आणून देत नाही. एपीटी कॅटलॉगमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या पॅकेज-साठ्यांतून, याद्या उतरवतो, कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीत मिळतंय, त्यासोबत काय यावं लागेल आणि काय काढावं लागेल याचा हिशेब मांडतो. प्रत्यक्ष इन्स्टॉल करायची वेळ आली की तोही डीपीकेजीलाच हाक मारतो. म्हणून ॲपसाठी सोपा नियम असा: काय होणार आहे ते एपीटीला विचारा, काय झालं ते डीपीकेजीकडूनच घ्या.

या नियमाच्या दुसऱ्या भागात बहुतेक जण पहिली चूक करतात. डीपीकेजी ज्यात नोंदी ठेवतो त्या स्टेटस फाइलीत नाव सापडलं की पॅकेज इन्स्टॉल झालेलं आहे असं धरून चालतात. पण त्या फाइलीत प्रत्येक पॅकेजपुढे स्थितीचे तीन शब्द असतात: काय हवंय, काही गडबड आहे का, आणि सध्या नक्की काय आहे. शेवटचा शब्द ‘इन्स्टॉल्ड’ असेल, जसं ‘इन्स्टॉल, ओके, इन्स्टॉल्ड’, तरच पॅकेज खरोखर जागेवर आहे. ‘डीइन्स्टॉल, ओके, कॉन्फिग-फाइल्स’ याचा अर्थ पॅकेज काढलंय, फक्त सेटिंगच्या फाइली मागे उरल्यात. हा फरक केला नाही तर कधीच काढून टाकलेली ॲप्स यादीत पुन्हा दिसत राहतात आणि त्यांचं ‘काढा’ बटण दाबून काहीच होत नाही.

नवी आवृत्ती आली का, हे ठरवताना डीपीकेजीची आणि एपीटीची, दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्या लागतात. इथे साधी अक्षरतुलना करू नका. १.१० ही १.९ पेक्षा नवी असते. १.०~बीटा ही १.० च्या आधीची, कारण तरंगचिन्ह आवृत्तीला मागे ढकलतं. आणि १:०.५ ही २.० च्याही पुढची, कारण अपूर्णविरामाआधीचा (:) आकडा आधी पाहिला जातो. हे नियम नव्याने लिहीत बसण्यापेक्षा एपीटीच्या लायब्ररीतली तुलना वापरावी. प्रत्येक जोडीसाठी डीपीकेजीची आज्ञा वेगळी चालवली तरी उत्तर बरोबरच येतं, पण ६०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर शेकडो वेळा नवी प्रक्रिया सुरू करणं परवडत नाही. मेमरीही २५६ एमबीच आहे. माएमोत ॲपचं चित्र पॅकेजच्या नोंदीतच बेस-६४ रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, कोंबलेलं असतं. यादी वाचतानाच सगळी चित्रं उलगडली तर ॲप रखडतं. पडद्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्यांचीच उलगडावीत.

आता एपीटीचा भाग. इन्स्टॉल करण्याआधी एपीटी-गेट ही एपीटीची आज्ञा सिम्युलेट पर्यायाने, म्हणजे नुसती रंगीत तालीम म्हणून, चालवा, भाषा ‘सी’ लोकॅलवर (मूळ इंग्रजीवर) ठेवून, नाहीतर संदेश फोनच्या भाषेत येतील. उत्तरात ‘इन्स्ट’ (इन्स्टॉल), ‘कॉन्फ’ (कॉन्फिगर) आणि ‘रेमव्ह’ (काढणं) या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी येतात. ‘रेमव्ह’च्या ओळी वापरकर्त्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यात ‘एमपी-फ्रीमँटल’ने सुरू होणारं नाव दिसलं तर सरळ थांबा. ते प्रणालीचं मेटापॅकेज आहे, म्हणजे इतर पॅकेजांना एकत्र बांधणारं पॅकेज. काढलं तरी फोन चालू राहतो, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. फर्मवेअरचं पुढचं अपडेट अडतं, तेव्हा कळतं.

जागेच्या बाबतीत एपीटीवर पूर्ण विसंबून चालत नाही. तो जो इन्स्टॉल्ड-साइझ सांगतो तो अख्ख्या पॅकेजचा एकच आकडा असतो. एन-९०० मध्ये मूळ फाइलप्रणाली २५६ एमबीच्या चिपवर आहे आणि ऑप्ट फोल्डर ३२ जीबीच्या साठ्यातल्या होम विभागावर. त्यातला किती भाग कुठे जाणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. डेब उतरल्यावर डीपीकेजीच्या डेब वाचणाऱ्या आज्ञेने आतल्या फाइलींची यादी मागवा आणि ऑप्टबाहेरच्या फाइलींची बेरीज करा. डाउनलोडचा साठाही होमवर ठेवावा, मायडॉक्समध्ये (वापरकर्त्याच्या फाइलींच्या विभागात) नको. केबल लावून मास स्टोरेज (संगणकाला फोन डिस्कसारखा दाखवणारी पद्धत) सुरू केलं की मायडॉक्स फोनकडून सुटतं आणि डाउनलोड अर्ध्यावर लटकतं. साठ्याचं फोल्डर बदललंत तर त्यात ‘पार्शल’ नावाचं उपफोल्डरही करा, नाहीतर एपीटी सुरूच होत नाही.

प्रगतीची पट्टी दाखवायची तर पडद्यावरचा मजकूर चाळत बसू नका. एपीटीला स्टेटस-एफडी हा पर्याय दिला की डाउनलोड आणि इन्स्टॉल यांच्या वेगवेगळ्या ओळी टक्क्यांसकट मिळतात. एक सापळा मात्र डीपीकेजीचा आहे: बदललेली सेटिंग फाईल दिसली की तो ‘जुनी ठेवू की नवी’ असं विचारतो. ॲपच्या मागे टर्मिनल नसतं, त्यामुळे काम तिथेच खोळंबतं किंवा चूक देऊन मोडतं. जुनी ठेवण्याचा पर्याय आधीच द्यावा.

कुलपांचंही तसंच. कुलपाची फाईल कायम पडूनच असते. ती दिसते म्हणून दुसरं कुणी काम करतंय असं नाही, आणि ती पुसून प्रश्न सुटत नाही. फाइलीवर प्रत्यक्ष लॉक लागतो का ते पाहावं, आणि एपीटीला बोलावण्याआधी आपला लॉक सोडावा. नाहीतर आपलंच ॲप आपल्याला अडवतं. रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचे, अधिकारही सुडो या आज्ञेतून अख्ख्या एपीटी-गेटला देऊ नयेत, कारण त्याच्या पर्यायांतून कुठलीही आज्ञा रूट म्हणून चालवता येते. ठरलेल्या चार-पाच कामांपुरता छोटा मदतनीस प्रोग्रॅम लिहून तेवढ्यालाच अधिकार द्या.

इन्स्टॉल चालू असताना बॅटरी संपली तर? पुन्हा चालवल्यावर एपीटी फक्त १०० हा निकाल-आकडा देऊन मोकळा होतो, आणि तो जवळजवळ कुठल्याही बिघाडाला तोच देतो. म्हणून पुन्हा त्या तीन शब्दांकडे वळावं. शेवटचा शब्द ‘अनपॅक्ड’ किंवा ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ असेल तर आधी डीपीकेजीला राहिलेलं कॉन्फिगर करायला सांगा, त्यानंतर एपीटीला तुटलेली अवलंबनं (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं) दुरुस्त करायला. मधला शब्द ‘रीइन्स्टरेक’ असेल तर तेवढ्याने भागत नाही, डेब फाईल नव्याने लागते. म्हणून सगळ्या पॅकेजांची स्थिती स्वच्छ दिसेपर्यंत डाउनलोडचा साठा रिकामा करू नये.