हीटिंग ऑइलचा कौटुंबिक धंदा (ईशान्य अमेरिका)

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क या पट्ट्यात, घर गरम ठेवायचं तेल टँकरने दारोदार पोचवायचं आणि ते जाळून घर तापवणारा तळघरातला बॉयलर किंवा फर्नेस बिघडला तर तोही दुरुस्त करायचा, असा हा धंदा आहे. यातले बरेच डीलर छोटे, एकेका गावापुरते, दोन-तीन पिढ्या एकाच घरात चालत आलेले, आणि टँकरवर आडनावापुढे ‘अँड सन्स’ रंगवलेलं. तेलावर घर तापवणारी अमेरिकन कुटुंबं आता साधारण ५० लाख उरलीत आणि त्यातली सुमारे ८० टक्के याच भागात आहेत. याचं कारण सरळ आहे, गॅसची पाइपलाइन जिथे पोचली तिथून हा धंदा उठला आणि जिथे पोचली नाही तिथे राहिला.

यातल्या अनेक घराण्यांची सुरुवात तेलाने झालीच नाही. आधी कोळसा होता, आणि कोळशासोबत बर्फ, कारण उन्हाळ्यात कोळसा कोण घेणार, म्हणून तीच गाडी तीच माणसं उन्हाळ्यात घरोघरी बर्फाच्या लाद्या टाकायची आणि थंडीत कोळसा. पेनसिल्व्हेनियातला अँथ्रासाइट जातीचा कोळसा कमी धुराचा म्हणून शहरांत त्यालाच मागणी. घराच्या भिंतीत तळघराच्या उंचीवर एक छोटं लोखंडी दार असायचं, त्यातून घसरगुंडीवरून कोळसा थेट तळघरात जायचा, पुढचं सगळं घरच्यांनी बघायचं, म्हणजे सकाळी जाळी हलवून राख पाडायची, कोळसा ओढायचा, रात्री आच दाबून ठेवायची. राख निसरड्या फूटपाथवर टाकायला कामी यायची. १९०२ मध्ये अँथ्रासाइटच्या खाण कामगारांनी मे ते ऑक्टोबर संप केला तेव्हा थंडी तोंडावर आली म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना स्वतः मध्ये पडावं लागलं. १९४० च्या जनगणनेत देशातली निम्म्याहून जास्त घरं कोळशावर होती, १९७० पर्यंत हा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास आला. ३० वर्षांत घरगुती कोळशाचा बाजारच संपला. आणि बर्फाचा धंदा तर फ्रिजने त्याआधीच खाल्ला होता.

तेलाचे ऑटोमॅटिक बर्नर १९२० च्या दशकात घरांत यायला लागले. थर्मोस्टॅट भिंतीवर लावला की बर्नर आपोआप चालू-बंद, राख नाही, पहाटे उठणं नाही, त्यामुळे कोळसेवाल्यांपैकी ज्यांना हे लवकर कळलं त्यांनी टँकर घेतले. मध्ये युद्ध आलं. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजं बुडवायला लागल्या, ईशान्येत तेलाचं रेशनिंग झालं आणि सरकारच लोकांना परत कोळशाकडे वळा म्हणून सांगायला लागलं. जहाजांना पर्याय म्हणून टेक्सासहून पूर्व किनाऱ्यापर्यंत ‘बिग इंच’ नावाची २४ इंची पाइपलाइन घाईघाईने टाकली. गंमत पुढे आहे: युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ही लाइन विकली गेली आणि तिच्यातून नैसर्गिक वायू यायला लागला, म्हणजे तेलासाठी टाकलेली लाइनच तेल डीलरच्या मुळावर आली. तरी युद्धानंतरची काही वर्षं तेलाची चांगलीच गेली. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनमधल्या घरांत तर काँक्रीटच्या जमिनीत तांब्याच्या नळ्या टाकून तेलाच्या बॉयलरचं गरम पाणी फिरवलेलं होतं.

या धंद्याचं खरं कसब हिशोबात आहे. तेल मागवायला गिऱ्हाईक बऱ्याचदा फोन करत नाही, डीलरनेच ओळखायचं की कुणाची टाकी कधी संपणार. त्यासाठी ‘डिग्री-डे’ मोजतात. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या (साधारण १८ सेल्सिअस) जितकं खाली तितके डिग्री-डे, म्हणजे सरासरी ३५ असेल तर ३०. मग प्रत्येक घराचा एक आकडा असतो, एका गॅलनमध्ये किती डिग्री-डे निघतात तो. हा आकडा ५ असेल तर त्या दिवशी ६ गॅलन जळले. तळघरातली नेहमीची टाकी २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या थोडी वर. जुन्या डीलरांकडे ही सगळी माहिती कार्डांवर असायची, आणि धंदा विकताना टँकरपेक्षा गिऱ्हाइकांच्या या यादीलाच किंमत.

तेल भरताना टाकीच्या हवेच्या नळीत बसवलेली शिटी वाजत राहते आणि ती थांबली की टाकी भरली, कुकरच्या बरोबर उलट, त्यामुळे ड्रायव्हर बाहेर उभा राहून कान देऊन असतो. हे तेल जवळपास डिझेलच, फक्त टॅक्स वेगळा म्हणून लाल रंग घातलेलं. रात्री टाकी कोरडी पडली तर लोक पंपावरून पाच गॅलन डिझेल आणून ओततात आणि सकाळपर्यंत निभावतात, पण लाइनमध्ये हवा शिरलेली असते ती काढायला बऱ्याचदा मेकॅनिकच लागतो.

१९७३ च्या तेलबंदीनंतर मात्र गिऱ्हाईक थर्मोस्टॅटकडे बघायला शिकलं. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि दिवसा ६५, रात्री ५५ ठेवा म्हणाले. डीलरच्या दृष्टीने याहून वाईट जाहिरात काय असणार! २००८ ची कथा वेगळीच. उन्हाळ्यात क्रूड बॅरलला १४७ डॉलरवर गेलं, घाबरलेल्या लोकांनी थंडीचं तेल गॅलनला चार डॉलरच्या वर आधीच बुक केलं, आणि डिसेंबरात क्रूड ४० च्या खाली. शेजारी निम्म्या भावात भरतोय आणि आपण करारात अडकलोय म्हटल्यावर लोक चिडणारच. पण डीलरनेही तेव्हाच्या भावाने माल बांधून ठेवला असेल तर त्याच्या हातात काही नव्हतं.

न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना या इतिहासाची गाठ पडते ती वेगळ्या रीतीने. घर कधीचं गॅसवर गेलेलं असतं पण अंगणात जुनी लोखंडी टाकी पुरलेली राहते, ती गळलेली निघाली तर माती काढायचा खर्च प्रचंड, म्हणून खरेदीआधी ‘टँक स्वीप’, म्हणजे जमिनीत टाकी पुरलेली आहे का याची यंत्राने तपासणी, करून घ्यावंच.

आता गॅसच्या पाइपऐवजी विजेची वायर आली आहे. मेन राज्य सगळ्यात जास्त तेलावर अवलंबून, तिथे २०१९ मध्ये एक लाख हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) बसवायचं ठरलं, मुदत २०२५ ची होती, काम २०२३ मध्येच झालं. काही तेल डीलर स्वतःच हीट पंप बसवतात आणि जुना बॉयलर कडाक्याच्या दिवसांसाठी ठेवा म्हणतात, त्यात स्वार्थ आहे पण सल्ला सरसकट चुकीचाही नाही. बाकीचे विकून मोकळे होतात, स्टार ग्रूपसारखी मोठी कंपनी असे छोटे धंदे घेत असते, आणि कंपनी कुणीही घेतली तरी टँकरवरचं जुनं आडनाव बऱ्याचदा तसंच ठेवतात, कारण गिऱ्हाईक त्या नावालाच फोन करतं.