अडुळसा, बाळदमा आणि नळीचे गणित

कोजागिरी जवळ आली की दम्यावरच्या औषधी खिरीच्या जाहिराती दिसू लागतात. चांदण्यात ठेवलेली खीर, तीत वनौषधीची पूड, मग रात्रभर जागरण. आमच्या खानदेशात याच दिवसांत कापसाची वेचणी असते, जिनिंगची धूळ उडते आणि बाळदम्याची पोरं रात्री खोकत उठून बसतात. आईबाप मिळेल तो उपाय करणारच.

वनौषधीत काही नाही, असे मी म्हणणार नाही. कुंपणाच्या अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अधाटोडा’ हा शब्द त्याच अर्थाच्या तमिळ नावावरून आला. पानांतले व्हॅसिसिन हे औषधी द्रव्य १८८८ मध्ये वेगळे काढले गेले. त्याच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे औषध बनले, आणि त्याचे शरीरात अँब्रॉक्सॉल होते. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावे सापडतील. काम एकच, चिकट कफ पातळ करणे.

बाळदम्याचे मूळ मात्र कफात नाही, श्वासनळीच्या आतल्या सुजेत आहे. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत क्षार धरला की शेवटच्या खोडापर्यंत पाणी पोचत नाही, तसेच हे. प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून याचा नियम शोधला: संथ प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. मोठ्या माणसाची ८ मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली तर त्रिज्या ४ वरून ३ होते आणि विरोध सुमारे तिप्पट. लेकराची नळी ४ मिलिमीटरची धरा. तेवढ्याच सुजेने त्रिज्या २ ची १ होते, आणि विरोध तब्बल १६ पट! छातीतली शिट्टी ऐकू येते ती याच अरुंद वाटेतून.

वयाबरोबर नळ्या रुंदावतात. लहानपणी छाती वाजणाऱ्या अनेक मुलांचा त्रास शाळेच्या वयात कमी होण्याचे हे एक कारण आहे. श्रेय जाते खिरीला.

सूज उतरवते ते पंपातले, म्हणजे श्वासाबरोबर ओढायच्या इनहेलरमधले, स्टिरॉइड. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज घरोघरी आहे. पंपाचा एक झोत साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅमचा, तोही थेट नळीत. स्टिरॉइडची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, सगळ्या अंगात. आणि ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्यांत चोरून मिसळलेले स्टिरॉइड तपासणीत सापडल्याची प्रकरणे झाली आहेत. लेबल नसलेली पुडी पोराला देऊ नका.

अडुळशाचा काढा द्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या, पंप बंद न करता. वर्षाखालच्या बाळाला मधातून तर नकोच. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले, बोलताना वाक्य तुटू लागले, तर काढा उकळत बसू नका. डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप द्या आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा.