एक तारा: शाबासकी की शिव्या?

एखाद्या हॉटेलवाल्याला फोन आला, ‘तुम्हाला एक तारा मिळालाय’, तर आनंद करायचा की कपाळाला हात लावायचा हे ठरवण्याआधी त्याने एकच विचारावं: ‘कुणाकडून?’ उत्तम जेवणाच्या जागा निवडणाऱ्या मिशेलिन गाइड या नावाजलेल्या फ्रेंच पुस्तिकेकडून असेल, तर त्या रात्री स्वयंपाकघरातली मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडतील. फोनमधल्या अ‍ॅपवर कुणा गिऱ्हाइकाने दिलेला असेल, तर मालक वेटरला बोलावून विचारेल, ‘काल सात नंबरच्या टेबलावर काय झालं होतं?’ शब्द तोच, पण एका ठिकाणी तो आयुष्यभराची कमाई आणि दुसऱ्या ठिकाणी शिवी.

मराठीत आणखी एक फाटा फुटतो, कारण जेवायच्या जागेलाही आपण हॉटेल म्हणतो आणि राहायच्या जागेलाही. त्यामुळे ‘मिशेलिनचे पाच तारे’ असला शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. तसलं काही नसतंच. मिशेलिनचे तारे जास्तीत जास्त तीन. पंचतारांकितमधले पाच हे खोल्या, लिफ्ट, पोहण्याचा तलाव अशा सोयींचे. ताटातल्या पदार्थाशी त्यांचा संबंध नाही. ते इथेच सोडून देऊ.

मिशेलिन ही मुळात टायर बनवणारी फ्रेंच कंपनी, आणि तिच्या ताऱ्यांचा अर्थ कळायला ही गोष्ट पुरेशी आहे. १९०० साली आंद्रे आणि एदुआर या मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक छोटी पुस्तिका फुकट वाटली. प्रती सुमारे ३५ हजार. आणि तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारसुद्धा नव्हत्या! पेट्रोल कुठे मिळेल, टायर कसा बदलावा, मुक्काम कुठे करावा, अशी माहिती तिच्यात होती. लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील, हा साधा व्यापारी हिशोब. १९२६ मध्ये चांगल्या जेवणाच्या जागांपुढे तारा छापायला सुरुवात झाली, १९३१ पासून एक, दोन, तीन अशी उतरंड आली आणि १९३६ मध्ये तिचा अर्थही छापला गेला. आजच्या शब्दांत तो असा: एक तारा म्हणजे वाटेत असाल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे फक्त तिथे जेवायला म्हणून प्रवासाला निघा.

म्हणजे हे गुण नव्हेतच, अंतर आहे. या जेवणासाठी तुम्ही किती लांब जावं, एवढंच ते सांगतं. तारा नसणं हा दोष नाही. बहुसंख्य उत्तम हॉटेलांना तो नाहीच. आणि गाइडचे परीक्षक जगात सगळीकडे फिरतही नाहीत. ज्या शहरात ते गेलेच नाहीत, तिथल्या हॉटेलांविषयी गाइड गप्प असतं. त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘नापास’ असा काढायचा नसतो.

परीक्षक नोकरीतले असतात, नाव लपवून जातात, स्वतःचं बिल भरतात. बघतात काय? कच्चा माल कसा आहे, हातातलं तंत्र कसं आहे, चवींचा मेळ बसलाय का, त्या शेफचं स्वतःचं असं काही ताटात उतरलंय का, आणि आज जे मिळालं ते पुढच्या खेपेलाही तसंच मिळतं का. या शेवटच्या मुद्द्यासाठी पुन्हा जावं लागतं. शितावरून भाताची परीक्षा करायची नाही, असा त्यांचा दंडक आहे म्हणा ना. सजावट, गाद्या, वेटरचं अदबीने वाकणं यातलं काहीही ताऱ्यात धरलं जात नाही. २०१६ मध्ये सिंगापूरच्या पहिल्या गाइडमध्ये स्वस्त खाणं विकणाऱ्या दोन साध्या गाळ्यांना एकेक तारा मिळाला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. तारा म्हणजे श्रीमंती थाट, हा समज किती पक्का होता ते त्यातून कळलं.

शिवाय तारा हॉटेलला मिळतो, शेफच्या छातीवर कायमचा लावला जात नाही. दर वर्षी नव्याने ठरतं. फ्रान्समधल्या लियाँजवळच्या, पॉल बोक्यूज या नामवंत शेफच्या हॉटेलचे तीन तारे १९६५ पासून अढळ होते. बोक्यूज २०१८ मध्ये वारले आणि २०२० च्या गाइडमध्ये तिथला तिसरा तारा गेला.

आता अ‍ॅप. इथे तारे पाच, देणारे हजारो, आणि निकष? काहीही. पार्किंग मिळालं नाही, एसी गार होता, शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा गोंगाट होता, पार्सल उशिरा आलं, बिलात एक पदार्थ जास्त लागला. सगळं त्याच पाच ताऱ्यांत कोंबायचं. मी स्वतः हे पाप केलंय. जेवण झकास होतं, पण टेबलासाठी पाऊण तास ताटकळत ठेवलं म्हणून रागारागात दोनच तारे ठोकून मोकळा झालो. चवीसाठी तो आकडा बघणाऱ्या कुणाला माझा राग कसा दिसणार?

सगळ्यात मोठा फरक मात्र मोजणी कुठून सुरू होते यात आहे. मिशेलिन शून्यापासून वर चढतं. अ‍ॅप पाचापासून खाली उतरतं. अ‍ॅपवर आपण ‘काही तक्रार नाही ना? मग पाच’ असं म्हणतो आणि काही खटकलं की तारे कापतो. म्हणून तिथे ४.६ म्हणजे ‘बरं असावं’ आणि ३.२ म्हणजे ‘नको रे बाबा’, खरं तर ३.२ हा आकडा पट्टीच्या मध्याच्या वरच आहे. ज्याला तीन तारे मिळाले त्याच्याकडे एका पट्टीनुसार विमानाने जायचं असतं, दुसऱ्या पट्टीनुसार फिरकायचंही नसतं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण हे पाच जण कोण, तेही बघायला हवं. खूश झालेला लिहितो, चिडलेला तर नक्की लिहितो. ज्याचं जेवण ठीकठाक झालं तो तोंड पुसून घरी जातो. त्यामुळे सरासरी फसवी निघते. दहा जणांनी पाच आणि दहा जणांनी एक तारा दिला, तर सरासरी तीन येते, आणि ‘तीन’ असं मत असलेला माणूस त्या वीस जणांत एकही नाही! अशा जागी बहुधा काहीतरी शिकण्यासारखं असतं: दुपारचं जेवण चांगलं आणि रात्रीचं वाईट, किंवा बसून खाल्लं तर छान आणि पार्सल मागवलं तर लगदा. आकडा बघून हे कधीच कळत नाही.

तरीही या गिऱ्हाइकांच्या ताऱ्यांना हसण्यावारी नेऊ नये. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी सिअ‍ॅटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवलं, की येल्प या गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांच्या अमेरिकन अ‍ॅपवर एक तारा वाढला तर हॉटेलचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. त्यांनी युक्ती छान वापरली. येल्प सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यावर आणून दाखवायचं, म्हणजे ३.२४ असेल तर तीन दिसणार आणि ३.२५ असेल तर साडेतीन. दर्जा जवळपास सारखा, दिसणारे तारे वेगळे, मग धंद्यातला फरक ताऱ्यांमुळेच पडला असं म्हणता येतं. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो: हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर दिसला, साखळी हॉटेलांवर नाही. साहजिक आहे. साखळीचं नावच गिऱ्हाइकाला सगळं सांगून टाकतं. उपनगरातल्या कोपऱ्यावरचं, एकाच कुटुंबाने चालवलेलं हॉटेल मात्र अनोळखी माणसाला अ‍ॅपमधूनच भेटतं. माझ्या त्या रागाच्या दोन ताऱ्यांची किंमत तिथे मोजली जाते.

फसगत दोन्हीकडे झालेली आहे, आणि गंमत म्हणजे एकाच प्रकारची. २००५ च्या बेनेलक्स (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) गाइडमध्ये मिशेलिनने बेल्जियममधल्या ऑस्टेंडच्या एका हॉटेलची माफक दरात चांगलं जेवण म्हणून शिफारस केली. गाइड छापून झालं तरी ते हॉटेल उघडलेलंच नव्हतं. सगळी आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये ऊबा बटलर या ब्रिटिश पत्रकाराने लंडनच्या डलिचमधल्या आपल्या घरामागच्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायजर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर नोंदवलं, शेव्हिंग फोम वगैरे वापरून ‘पदार्थां’चे फोटो काढले आणि मित्रांकडून अभिप्राय लिहून घेतले. काही महिन्यांत ती शेड लंडनमधल्या अठरा हजारांहून जास्त जागांत पहिल्या नंबरवर जाऊन बसली. टेबलासाठी फोन करणाऱ्यांना तो सांगायचा, सगळं भरलंय. तज्ज्ञ चुकले ते आळसाने, कारण प्रत्यक्ष जेवणारा माणूस गेलाच नाही. गर्दी चुकली ती भोळेपणाने, कारण इतके जण म्हणतायत म्हणजे कुणीतरी जेवलं असेलच, असं प्रत्येकाने धरून चाललं.

मग बघायचं काय? परक्या मोठ्या शहरात दोन रात्री आहात, एका जेवणावर भरपूर खर्च करायची तयारी आहे, तर गाइड बघा. त्या प्रश्नासाठीच ते बनलंय. पोरं बरोबर आहेत, आजीला जिना चढवत नाही, नऊपर्यंत घरी परतायचंय, तर मिशेलिन तुमच्या काही कामाचं नाही. अ‍ॅप बघा, पण आकडा नव्हे, मजकूर. शहराच्या मध्यावरच्या हॉटेलांना तारे देणारे बरेचसे पाहुणे असतात, एकदाच आलेले. उपनगरातल्या हॉटेलचं खरं गिऱ्हाईक दर आठवड्याला येतं आणि बहुतेक वेळा काहीच लिहीत नाही. तिथे दोनशे अभिप्रायांचे ४.१ मला नऊ अभिप्रायांच्या ४.९ पेक्षा भरवशाचे वाटतात.

मी आधी गेल्या दोन-तीन महिन्यांचे अभिप्राय लावतो, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं. पाच तारेवाले सोडून देतो, एक तारावालेही. तीन तारे देणाऱ्यांचं मात्र अथपासून इतिपर्यंत वाचतो. त्यांच्या वाक्यात बहुतेक वेळा एक ‘पण’ असतो. ‘चव चांगली आहे, पण बसायला जागा अरुंद.’ ‘वेटर हसतमुख, पण मेनूतलं अर्धं संपलेलं.’ त्या ‘पण’च्या अलीकडचं मला हवं असेल आणि पलीकडचं चालणार असेल, तर मी टेबल सांगून ठेवतो.