कोच किती टक्के?

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी शोधून काढला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. कॅन्सस म्हणजे आज अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधलं मातब्बर घराणं. त्या घराण्यात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो खेळाचा जनक! हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं नेस्मिथ म्हणत म्हणे. त्यांचाच शिष्य फॉग ॲलन याने ते फारसं मनावर घेतलं नाही. तो कॅन्ससमध्ये ३९ हंगाम कोच राहिला आणि त्याने ५९० सामने जिंकून दाखवले.

गुरुशिष्यांमधला हा वाद अजून मिटलेला नाही, आणि आता त्यावर पैसाही भरपूर लागला आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस गव्हर्नर नसतो. तो कुठल्या तरी सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) किंवा बास्केटबॉल कोच असतो. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा डोळ्यांसमोर आणून हा प्रकार समजणार नाही. तिथे कॉलेजच्या सामन्याला वीस-वीस हजार प्रेक्षक येतात आणि मार्च महिन्यातली ६८ संघांची बाद फेरी सगळा देश टीव्हीवर पाहतो. तेव्हा कोचला मोजलेले पैसे वसूल होतात का, हा प्रश्न रास्तच आहे.

आधी गुणवत्तेची बाजू घेऊ, कारण बास्केटबॉलमध्ये ती फार जड आहे. मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, आणि दमदार खेळाडू त्यातली ३५-३६ मिनिटं सहज खेळतो. क्रिकेटमधला फलंदाज बाद झाला की तंबूत परततो. इथला उत्तम खेळाडू चेंडू पुन्हा पुन्हा स्वतःच्या हातात घेऊ शकतो आणि बचावालाही तोच उभा असतो. म्हणजे एक अफाट माणूस मिळाला तर अख्ख्या संघाचं नशीब पालटतं.

याचा चोख पुरावा नोव्हेंबर १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला मिळाला. यूसीएलए विद्यापीठाचा मुख्य संघ तेव्हा लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता होता आणि त्याचे कोच होते जॉन वुडन, ज्यांना आजही अनेक जण या खेळातले सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक मानतात. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची परवानगी नव्हती, त्यांचा वेगळा संघ असे. नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला या दोन संघांचा सामना ठेवला. पहिल्या वर्षाच्या पोरांनी राष्ट्रीय विजेत्यांना ७५-६० असं हरवलं. त्या पोरांत एक होता लू अल्सिंडॉर, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. त्याने एकट्याने ३१ गुण केले. वुडन होते हरणाऱ्या बाकावर.

आता अल्सिंडॉर न्यूयॉर्कचा. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, यूसीएलएत, आला कसा? इथे कॉलेज बास्केटबॉलची खरी मेख आहे. व्यावसायिक एनबीएमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून संघांना वाटले जातात आणि संघ जमवण्याचं काम व्यवस्थापनाचं असतं. कॉलेजात ड्राफ्ट नाही. कोच आणि त्याचे सहायक शाळाशाळांतून हिंडतात, मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसतात, शिष्यवृत्ती देऊ करतात आणि मुलाला आपल्याकडे ओढतात. ‘कोच महत्त्वाचा की गुणवत्ता’ असं विचारताना आपण दोन वेगळ्या गोष्टी तोलतो आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी पहिलीच्याच हातून आलेली असते. बऱ्याच अंशी, पूर्णपणे नाही. विद्यापीठाचं नाव, पैसा आणि परंपरा यांचाही वाटा असतो. वुडन निवृत्त झाल्यावर यूसीएलएचे पुढचे दोन कोच मिळून चार हंगामांत फक्त १७ सामने हरले. विजेतेपद मात्र पुन्हा यायला १९९५ साल उजाडलं.

मग कोचचा वाटा वेगळा काढायचा कसा? प्रयोगशाळेत जमणार नाही. पण कधी कधी नियतीच प्रयोग करून देते: खेळाडू तेच राहतात आणि कोच अचानक नाहीसा होतो.

१९७८ साली इंडियाना स्टेट या तशा किरकोळ विद्यापीठाचे कोच बॉब किंग हंगामाच्या तोंडावर गंभीर आजारी पडले. संघ आला बिल हॉजेस या सहायकाकडे, ज्याला मुख्य कोच म्हणून कसलाच अनुभव नव्हता. आदल्या वर्षी २३ सामने जिंकून ९ हरलेला हा संघ सलग ३३ सामने जिंकला आणि थेट अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटपुढेच हरला. कारण उघड होतं: लॅरी बर्ड. पुढच्या वर्षी बर्ड एनबीएत गेला, हॉजेस तिथेच राहिला, आणि संघ १६ विजय, ११ पराभव यावर आला. दहा वर्षांनी मिशिगनमध्ये तर कमाल झाली. बाद फेरीच्या ऐन तोंडावर कोच बिल फ्रीडर यांनी दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी पत्करल्याचं कळलं. क्रीडा संचालकांनी त्यांना तिथल्या तिथे बाजूला केलं आणि सहायक स्टीव्ह फिशरला उभं केलं. फिशरच्या हाताखाली संघ ओळीने सहा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. ग्लेन राइसने त्या सहा सामन्यांत १८४ गुण केले. अर्थात राइसला मिशिगनमध्ये आणलं होतं फ्रीडर यांनीच.

या दोन गोष्टी ऐकून कोचचा पगार निम्मा करायला निघालेल्याला ड्यूक विद्यापीठाचा १९९५चा संघ दाखवावा. माइक शशेफ्स्की, ज्यांच्या नावावर निवृत्तीपर्यंत पाच विजेतेपदं आणि १२०२ विजय जमा झाले, ते पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हंगामाच्या मध्येच थांबले. तोवर संघ ९-३ होता. उरलेले सामने सहायक पीट गॉडेट यांनी सांभाळले: ४ विजय, १५ पराभव. खेळाडू तेच, कपडे तेच, स्टेडियम तेच. इतका स्वच्छ पुरावा पाहून कुणीही हुरळून जाईल. पण जरा थांबावं. ग्रँट हिलसारखा हिरा आदल्याच वर्षी एनबीएत गेला होता, म्हणजे संघ मुळात हलका झालेला होता. हंगामाच्या सुरुवातीला प्रतिस्पर्धी सोपे असतात, जानेवारीपासून आपल्या गटातले तगडे संघ समोर येतात. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्धचा एक सामना तर दोनदा जादा वेळ खेळवून १०२-१०० असा हातून निसटला. आणि शशेफ्स्की ठणठणीत होऊन परतले तेव्हा पुढच्या हंगामाचा हिशेब १८-१३ होता. बरा, पण ड्यूकच्या मानाने बेताचा. माझ्या मते हे १५ पराभव संपूर्ण गॉडेट यांच्या माथी मारणं अन्याय आहे.

एकेका किश्शाचा भरवसा धरता येत नाही म्हणून संख्याशास्त्राकडे वळायचं. शिकागो विद्यापीठातले ख्रिस्तोफर बेरी आणि अँथनी फाउलर यांनी यासाठी एक साधी पण चलाख युक्ती वापरली. एका संघाचे तीस हंगाम ओळीने कागदावर मांडा आणि प्रत्येकाखाली कोचचं नाव लिहा. कोचगणिक सरासरी काढली की फरक दिसणारच. पण तो फरक कोचमुळे की सहज योगायोगाने? हे तपासायला हंगामांचे निकाल तसेच ठेवायचे आणि खालच्या कोचांच्या कारकिर्दी पत्त्यांसारख्या पिसून पुन्हा मांडायच्या. असं हजारो वेळा करायचं. खोट्या मांडणीतही कोच जवळपास तेवढाच फरक ‘पाडताना’ दिसले, तर मूळ फरकात काही दम नाही. खरी मांडणी सगळ्या खोट्या मांडण्यांना मागे टाकत असेल, तर कोच खरोखर काहीतरी करतो आहे. अमेरिकेतले मोठे व्यावसायिक खेळ, कॉलेज फुटबॉल आणि कॉलेज बास्केटबॉल यांना ही चाळणी लावल्यावर बहुतेक ठिकाणी संघांच्या यशातल्या चढउतारांपैकी साधारण २० ते ३० टक्के वाटा कोचचा निघाला.

हा आकडा वाचताना घसरायला होतं. दहातले तीन सामने कोच जिंकून देतो, असा त्याचा अर्थ नाही. संघाची कामगिरी वर्षागणिक जी वरखाली होते, त्या वरखाली होण्यातला एवढा भाग कोच बदलल्याने समजावता येतो, इतकंच. आणि कॉलेजात या टक्क्यांत भरती आणि शिकवणी दोन्ही मिसळलेली असतात.

हकालपट्टीचं गणित याहून करमणुकीचं आहे. कोचला काढतात ते संघ तळाला गेल्यावर. तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी थोडा तरी वर येतोच, कारण इतकं वाईट नशीब रोज नसतं. श्रेय मात्र नव्या कोचला मिळतं. स्कॉट ॲडलर आणि सहकाऱ्यांनी कॉलेज फुटबॉलमधले १९९७ ते २०१० मधले कोचबदल तपासले आणि त्यांची तुलना तशाच अवस्थेतल्या, पण कोच न बदललेल्या संघांशी केली. तळातल्या संघांना बदलाचा विशेष फायदा झालेला नव्हता. मधल्या फळीतले संघ तर बदलानंतर काही काळ आणखीच खालावले.

शिकवणीचं मोल मात्र जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. १९७४-७५ हा वुडन यांचा शेवटचा हंगाम. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्या वर्षी सरावाला जाऊन बसत आणि वुडन काय बोलतात, काय करतात याची नोंद करत. तीसेक तासांत त्यांनी शिकवण्याच्या २,३२६ कृती टिपल्या. शाबासकी होती ६.९ टक्के, नापसंती ६.६ टक्के. सुमारे ७५ टक्के बोलणं म्हणजे निव्वळ माहिती: पाय कुठे, हात कुठे, पास केव्हा. भाषणबाजी जवळपास नव्हतीच. चूक दिसली की वुडन योग्य हालचाल करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची हालचाल, मग पुन्हा योग्य. हे सगळं बहुधा पाच सेकंदांच्या आत उरकायचं. त्या वर्षी संघात ना अल्सिंडॉर होता ना बिल वॉल्टन, तरी वुडन यांनी दहावं विजेतेपद मिळवलं. अगदीच सामान्य पोरं घेऊन जिंकले, असं मात्र कुणी समजू नये. त्या संघातले तिघं पुढे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या तिनांत निवडले गेले.

खरोखर कमी गुणवत्तेचा संघ हाती असेल तर काय करायचं, हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे कोच पीट कॅरिल यांना विचारावं. प्रिन्स्टन खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, त्यामुळे अव्वल मुलं तिकडे फिरकत नाहीत. १९९६ साली त्यांच्यासमोर गतविजेता यूसीएलए उभा ठाकला. प्रिन्स्टनने चेंडू खेळवत, घड्याळ खात सामना रेंगाळवला. बरोबरी असताना शेवटच्या काही सेकंदांत एका खेळाडूने बचावपटूच्या पाठीमागून बास्केटकडे मुसंडी मारली, नेमका पास मिळाला आणि निकाल लागला ४३-४१. वेग कमी करण्यामागे शुद्ध संभाव्यता आहे: डाव जितके कमी, तितकी नशिबाला जागा जास्त. पण या युक्तीचा बाऊही नको. ७० वेळा चेंडू हाती येणाऱ्या सामन्यात सात गुणांनी वरचढ असलेला संघ ढोबळ हिशेबाने चारात तीनदा जिंकतो. तोच सामना ५० वेळांवर आणला तर दुबळ्याचा फायदा फार तर तीन-चार टक्क्यांनी वाढतो. उरलेलं काम त्या नेमक्या पासला करावं लागतं, आणि तो महिनोन्‌महिने घोटून घेतलेला असतो.

अलीकडे हा हिशेब आणखी गुंतला आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. २०२४ मध्ये कोच जॉन कॅलिपारी केंटकी विद्यापीठ सोडून आर्कान्सॉ विद्यापीठाला गेले, तेव्हा त्यांचे काही खेळाडू आणि केंटकीला होकार दिलेली काही शाळकरी मुलंही त्यांच्यामागे गेली. केंटकीच्या नव्या कोचला, मार्क पोपना, अख्खा संघ नव्याने जमवावा लागला, तोही बहुतांशी इतर विद्यापीठांतून आलेल्या मुलांचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिपारींनी केंटकीच्याच मैदानावर येऊन केंटकीला ८९-७९ हरवलं. पुढच्या महिन्यात बाद फेरीत दोन्ही संघ शेवटच्या सोळांत पोहोचले आणि दोघंही तिथेच गारद झाले.